सणासुदीची दुष्ट कार्टूनं: कुठली जमतात, कुठली फसतात?

तिरपागडा (धागाकर्ता)

डिसेंबर लागला की जुन्या नाताळी कार्टूनांची लाट येते. त्यातल्या निम्म्यांत सगळे एकमेकांना मिठ्या मारतात आणि वरून बर्फ पडत असतं. ती ज्याची त्याला लखलाभ. मी बोलतोय ते दुसऱ्या जातीबद्दल: घंटा, लाल टोप्या, सजवलेलं झाड, सगळं जागच्या जागी, आणि त्यातच कुणाच्या तरी जिवावर बेतलेलं. सात-आठ मिनिटांत खेळ खल्लास. ही मला भयंकर आवडतात, आणि अशी करायला गेलेली बरीचशी तोंडावर आपटतात. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं, की जी जमतात त्यांतला काळेपणा बाहेरून आणून चिकटवलेला नसतो. सणाचाच एखादा नियम उचलायचा (भेटी द्यायच्या, पोटभर जेवायचं, चांगल्या-वाईट मुलांची यादी करायची) आणि कसलीही सवलत न देता तो शेवटपर्यंत पाळायचा. अर्धवट पाळला तर गोड वाटतो, पुरता पाळला की घाम फुटतो. सांताच्या हातात कुऱ्हाड दिली की झालं काम, असं समजणारे इथेच मार खातात. कुऱ्हाड सणाची नाही ना! टर्की मात्र सणाचीच आहे.

तर आधी टर्की. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग (आभार मानायचा सण) असतो आणि त्या दिवशी ताटात टर्की पक्षी हवाच. चक जोन्सने १९४४ साली वॉर्नर ब्रदर्ससाठी 'टॉम टर्क अँड डॅफी' केलं. पोर्की पिग बंदूक घेऊन टर्कीच्या मागे लागलाय. टर्की धापा टाकत डॅफी बदकाकडे येतो, लपव म्हणतो. डॅफी लपवतो. इथपर्यंत शरणागताला अभय वगैरे. मग शिकार हुकलेला पोर्की रडवेला होऊन, आज काय काय जेवलो असतो ते आठवायला लागतो. एकेक पदार्थ, सावकाश. टर्कीत भरायचं चेस्टनटचं सारण... इथे पोर्कीकडे नका बघू, डॅफीकडे बघा. तोंडाला सुटलेलं पाणी आणि दिलेला शब्द, दोघांची झटापट चेहऱ्यावर चाललेली असते. सारण तो कसंबसं पचवतो. पण पाकातल्या रताळ्यांचं नाव निघतं आणि गडी कोसळतो. मित्राला विकून मोकळा. वर टाहो फोडून सांगतो की सगळा दोष रताळ्यांचा.

रक्ताचा थेंब नाही. तरी मला हे त्या काळातल्या सगळ्या सणासुदीच्या कार्टूनांत दुष्ट वाटतं, कारण डॅफी खलनायक नाहीये. त्याला फक्त सण साजरा करायचाय. पुढे टर्की आपल्या शेपटीची पिसं त्याला चिकटवतो आणि बंदुकीचं तोंड वळतं, ते ओघानं आलंच.

तुम्हाला कुठली जमलेली वाटतात, आणि का? नुसत्या लिंका टाकून पळ काढू नका, दोन ओळी खरडा.

पुरणपोळी_विरोधक

रताळ्यांबद्दल +१. एकादशीला माझीही तत्त्वं तिथेच कोसळतात.

टर्कीच निघाली आहे तर १९४९ चं 'हॉलिडे फॉर ड्रमस्टिक्स' बघाच. आर्थर डेव्हिसचं. शेतकरी टर्की घरी आणतो आणि त्याला सणापर्यंत खाऊ घालायला सुरुवात करतो. डॅफीला पोटशूळ उठतो. एवढं सगळं खाणं त्याला एकट्याला का? मग तो टर्कीला पटवतो की तुझी सुरी जवळ आली आहे, बारीक हो, व्यायाम कर, मी तुझ्या वाटचं खातो. टर्की दंड-बैठका काढून वाळतो, आणि सणाच्या दिवशी शेतकऱ्याच्या अंगणात गुटगुटीत असा एकच प्राणी उरतो.

तुमचा नियमाचा सिद्धांत इथे फिट्ट बसतो. शेतकरी दुष्ट नाही, जो जाड तो ताटात, इतकंच. मला आवडतं ते हे, की डॅफीचा सल्ला शंभर टक्के खरा आहे. फसवाफसवीसाठी त्याला एकही खोटं बोलावं लागत नाही.

काळी_मांजर

मग टॉम अँड जेरीचं नाताळवालं यात धरायचं की नाही? आमच्या पिढीने नाताळ पहिल्यांदा तिथेच पाहिला. डोंबिवलीत चिमणी असलेली शेकोटी कुणाच्या घरी असणार!

'द नाइट बिफोर ख्रिसमस', १९४१. मला ते काळं वगैरे अजिबात वाटत नाही. शेवटी मांजर विरघळतं, उंदराला आत आणतं, संपलं. तुम्ही ज्याला गोडमिट्ट म्हणून नावं ठेवताय त्यातलंच हे.

तिरपागडा

@काळी_मांजर, शेवट गोड आहे, मान्य. पण मधला दीड-दोन मिनिटांचा भाग परत बघ. जेरी दाराच्या पत्रं टाकायच्या फटीतून बाहेर निसटतो. टॉम ती फट आतून बंद करतो आणि शेकोटीसमोर येऊन पसरतो. बाहेर हिमवादळ. समूहगान सुरू होतं, तेही नाताळाचं. आणि टॉमला झोप लागत नाही. त्याला कुणी काही बोलत नाही, फक्त गाणं चालू राहतं. सण आपल्याच घरात येऊन आपल्याला छळतो. शेवटी तो दार उघडून जेरीला आणतो तेव्हा जेरी अक्षरशः गोठून कडक झालेला असतो.

हा तुकडा काढून टाका, मग खाली उरतो तो नुसता पाठलाग. आणि तारीख पाहा: चित्रपट आला ६ डिसेंबर १९४१ ला. दुसऱ्या दिवशी पर्ल हार्बर.

फ्रेमवाला

मी पुण्यात ॲनिमेशन करतो (जाहिराती, पोटासाठी), म्हणून जरा कारागिरीच्या बाजूने लिहितो. लांबलं तर वाचू नका.

वर सगळे कथेबद्दल बोलतायत. कथा बरोबर असूनही ही कार्टूनं पडतात, ती वेळ चुकल्यामुळे. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे चोवीस चित्रं. विनोदाच्या आधीचा थांबा सहा फ्रेमने लांबला तर प्रेक्षक पुढचं ओळखतो. सहाने कमी झाला तर त्याला काय घडलं तेच कळत नाही, दचकतो फक्त. साध्या विनोदात असली चूक खपून जाते. काळ्या विनोदात खपत नाही, कारण हसायला उशीर झाला की माणूस विचार करायला लागतो, आणि विचार करायला लागला की त्याला मेलेल्याची दया येते.

याचं उत्तम उदाहरण सणाचं नाही, पण देतोच. टॉम अँड जेरीचंच, १९४९ चं 'हेवनली पुस'. टॉम पियानोखाली चिरडून मरतो आणि स्वर्गात जाणाऱ्या गाडीच्या फाटकाशी रांगेत उभा राहतो. पुढे एकेक मेलेलं मांजर येऊन आत जातंय. त्यात एक भिजलेलं, तोंड बांधलेलं पोतं येतं. उघडतं. आतून तीन पिल्लं टुणटुण उड्या मारत बाहेर येतात, पायऱ्या चढून निघून जातात. एवढंच. पोतं ओलं का, हे दाखवलेलं नाही. कॅमेरा एक क्षणही जास्त थांबत नाही, पिल्लं हसरी आहेत, चाल खेळकर आहे. आठ वर्षांच्या पोराला त्यात तीन गोड पिल्लं दिसतात आणि त्याच्या शेजारी बसलेल्या बापाचा घास घशात अडकतो.

आता तुमचं नाताळवालं. त्यात माझा आवडता तुकडा तिरपागड्यांनी सांगितलाच नाही. सुरुवातीला टॉमने जेरीच्या बिळासमोर चीज लावलेला सापळा ठेवलाय, आणि त्याला भेटवस्तूसारखी फीत बांधली आहे. भेट म्हणून सापळा! सिद्धांत तर पहिल्याच मिनिटाला सिद्ध झाला की हो. शेवटी, समेट झाल्यावर, जेरी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची साखरेची काठी हातात घेऊन बिळाकडे येतो. सापळा अजून तिथेच. काठीच्या आकड्याने तो चीज ओढतो. सापळा मिटतो, पण फाडकन नाही. हळूच, आणि संगीतपेटीसारखं 'जिंगल बेल्स' वाजतं. म्हणजे सगळ्या गोंधळात तो सापळा मारणारा नव्हताच की काय? की सणामुळे तो बदलला? उत्तर देत नाहीत. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत आहे. या माणसाच्या चाली चित्राला इतक्या चिकटून जातात की आवाज बंद करून बघितलं तर अर्धे विनोद गायब होतात. करून बघा.

काळी_मांजर

@फ्रेमवाला, पोत्याचं आत्ता पुन्हा पाहिलं. लहानपणी शंभरदा पाहिलं असेल. दिवस खराब केलात, धन्यवाद.

संशयात्मा

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण आता बोलतोच. नियमाचा सिद्धांत ऐकायला छान आहे, पण त्यात सगळंच बसवता येतं. ज्यात सगळं बसतं तो सिद्धांत कसला.

प्रतिउदाहरण देतो. 'पीस ऑन अर्थ', एमजीएम स्टुडिओ, दिग्दर्शक ह्यू हार्मन, डिसेंबर १९३९. त्यात कुठला सणाचा नियम आहे? माणसं लढून लढून संपलेली आहेत आणि खारी शिरस्त्राणांची घरं करून राहतायत. नाताळ फक्त चौकटीला. ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. तुमच्या हिशेबाने ते फसायला हवं.

तिरपागडा

@संशयात्मा, अहो, तुम्ही माझंच सगळ्यात भक्कम उदाहरण माझ्या हातात ठेवलंत.

कथा सुरू कशी होते? बाहेर नाताळाचं गाणं चाललंय: पृथ्वीवर शांती, माणसांप्रती सद्भाव. खारीची नातवंडं आजोबांना विचारतात, माणसं म्हणजे काय? त्यांनी कधी पाहिलेलीच नाहीत. सबंध चित्रपट त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. गाण्यातली एक ओळ घेतली आणि शब्दशः खरी केली. पृथ्वीवर शांती आली, कारण माणसं उरली नाहीत. याहून कडक नियमपालन कुठे सापडणार?

दुसरं महायुद्ध सुरू होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. थिएटरात बसलेल्यांना ते कसं लागलं असेल, कल्पना करा.

संशयात्मा

बरं, तो मुद्दा तुमचा. पण 'विनोदी' कुठे आहे त्यात? शेवटचे दोन सैनिक एकमेकांना गोळ्या घालतात आणि उरलेला चिखलाच्या पाण्यात बुडत जातो. मला तर हसू आलं नाही.

पुरणपोळी_विरोधक

@संशयात्मा, आजोबा युद्धांची कारणं सांगतात तो भाग आठवा. सपाट पावलांचे विरुद्ध दात पुढे असलेले. मग शाकाहारी विरुद्ध मांसाहारी! म्हणजे मानवजातीचा अंत ज्या वादाने झाला तो आपल्या संस्थळावर दर चातुर्मासात होतो. मी तर हसून हसून पुरेवाट.

आणि आजोबांचा आवाज मेल ब्लँकचा, म्हणजे डॅफी आणि पोर्की दोघांचा. तो घरगुती, खोकत-खाकरत सांगतो म्हणून ते सोसवतं. गंभीर निवेदकाने सांगितलं असतं तर वृत्तपट झाला असता.

संशयात्मा

चातुर्मासावरून हसलो. तरी माझी शंका कायम: तो चित्रपट चांगला आहे, काळा आहे, पण विनोदी म्हणून त्याला इथे ओढू नये. जाता जाता, १९५५ मध्ये टॉम अँड जेरीवाल्या हॅना-बार्बेरा जोडीने तोच सिनेमास्कोपमध्ये (रुंद पडद्यासाठी) परत केला, 'गुड विल टू मेन' नावाने, खारींच्या जागी उंदीर घालून. त्यालाही नामांकन मिळालं. तेव्हा अणुबॉम्ब होऊन दहा वर्षं झाली होती, त्यामुळे शस्त्रं मोठी झाली आणि गंमत होती तीही गेली. पहिल्याची सर नाही.

वसईची_वारुणी

मी कॅथलिक आहे, वसईची, घरी मराठीच. इथे जरा वेगळ्या बाजूने.

कुणीतरी 'द स्पिरिट ऑफ ख्रिसमस' आणेल म्हणून वाट बघत होते, सगळे सभ्यपणे टाळताय असं दिसतंय. टाळू नका. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी १९९२ साली कॉलेजात असताना कागद कापून एक केलं, आणि १९९५ मध्ये दुसरं. दुसरं तर फॉक्सच्या एका अधिकाऱ्याने मित्रमंडळींना पाठवायचं नाताळाचं व्हिडिओ-शुभेच्छापत्र म्हणून करून घेतलं होतं! लोकांनी त्याच्या कॉप्यांवर कॉप्या काढल्या, आणि त्यातूनच १९९७ मध्ये 'साउथ पार्क' ही कार्टून मालिका उभी राहिली.

त्यात येशू आणि सांता मॉलमध्ये हाणामारी करतात. नाताळ नक्की कुणाचा, हा वाद. मला राग आला का? नाही. शिव्या फार आहेत, त्या मला नको होत्या. पण प्रश्न खरा आहे हो. डिसेंबरात आमच्या घरात पण तोच वाद असतो. आई म्हणते नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), पोरं म्हणतात ॲमेझॉन. शेवटी चित्रपटातली मुलं ठरवतात की नाताळ म्हणजे भेटवस्तू, आणि मग लक्षात येतं की ज्यू मुलाला त्याच्या सणात आठ दिवस भेटी मिळतात, म्हणून बाकीच्यांना ज्यू व्हायचं असतं. मी इतकं हसले की मुलगा बघायला आला. त्याला दाखवलं नाही.

तिरपागडा म्हणतात तसं हे नियमातूनच निघालंय. भेट हाच सण असेल तर जिथे जास्त भेटी तो धर्म. मुलांचा हिशेब चोख आहे.

अवांतर: आमच्याकडे आणि मुंबईतल्या गावठाणांत ३१ डिसेंबरला म्हातारा जाळतात. जुनं वर्ष. पोरं जुनी पँट, शर्ट, पेंढा भरून त्याला करतात, रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून त्याच्यासाठी पैसे मागतात. रात्री बारा वाजता पेटवतात. म्हाताऱ्याच्या नावाने जमवलेल्या पैशांचे फटाके, ते त्याच्याच पोटात. यावर अजून कुणी कार्टून केलं नाही हेच आश्चर्य.

तिरपागडा

वारुणीताई, म्हाताऱ्याच्या पैशांचे फटाके म्हाताऱ्याच्याच पोटात! वाचनखूण साठवली.

रात्रपाळी

कुणी हॅपी ट्री फ्रेंड्स या कार्टून मालिकेचं नाव घेत नाही? हॉस्टेलमध्ये आम्ही रांगेने बघायचो. त्यात नाताळाचे पण भाग आहेत. गोंडस प्राणी, आनंदी चाल, आणि मग आतडी. यात काळंही आहे, विनोदही आहे, सणही आहे. मग?

फ्रेमवाला

@रात्रपाळी, पहिला भाग बघून मीही खुर्चीतून पडलो होतो. तिसऱ्याला जांभई. कारण पहिल्या भागानंतर प्रत्येक जण मरणार हे ठरलेलं असतं, प्रश्न फक्त कशाने. तारा, कातरी, दिव्यांची माळ. वस्तू बदलतात, प्राण्यांच्या मनात काही चालत नाही. डॅफीला निदान रताळं हवं होतं. या प्राण्यांना काय हवं असतं, सांगा बरं? मरणाऱ्याला छोटीशी का होईना, हाव पाहिजे, म्हणजे आपण त्याच्या बाजूने थोडे तरी गुंततो.

रात्रपाळी

हॉस्टेलमध्ये कुणाला गुंतायचं होतं! पण मुद्दा पोचला. मग फ्युचुरामा या कार्टून मालिकेतला रोबो सांता चालेल? १९९९ चा भाग. पूर्ण एपिसोड आहे, लघुपट नाही, पण सिद्धांतात चपखल. यंत्रमानवाला मुलं चांगली की वाईट हे ठरवायचं काम दिलं, प्रोग्रॅममध्ये चूक झाली आणि त्याचे निकष इतके कडक झाले की पृथ्वीवर जवळपास सगळेच वाईट ठरले. मग नाताळच्या संध्याकाळी लोक दारं-खिडक्या लावून लपून बसतात.

तिरपागडा

चालेल काय, पळेल. त्याच्या हातात शस्त्रं आहेत, तरी मला खटकत नाहीत, कारण यादी आधी आली आणि शस्त्रं नंतर.

किडेमकोडे

शाळेत जीवशास्त्र शिकवतो, म्हणून मला यातलं सगळ्यात जुनं माहीत आहे. व्लादिस्लाव स्टारेविच, १९१३, मॉस्को: 'कीटकांचा नाताळ'. झाडावरचा खेळण्यातला नाताळबाबा जिवंत होतो, खाली उतरतो, रानात जातो आणि किड्यांसाठी आणि एका बेडकासाठी नाताळ करतो. कथेत काही वाईट घडत नाही. पण पात्रं खरी आहेत. म्हणजे खरे, मेलेले, वाळवलेले कीटक.

हा माणूस कौनासच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात होता. त्याला सांबरशिंग्या भुंग्यांची झुंज चित्रित करायची होती, पण भुंगे निशाचर. दिवे लावले की गपगार. मग त्याने मेलेले घेतले, पाय काढून तारेचे बसवले, मेणाने चिकटवले, आणि एकेक फ्रेमने हलवले. लोकांना वाटलं शिकवून तयार केलेले किडे आहेत.

तर नाताळाच्या झाडाभोवती आनंदाने जमलेली ही सगळी मंडळी प्रेतं आहेत, हे एकदा कळलं की ते सहा-सात मिनिटं तुम्ही वेगळ्याच नजरेने बघता. मी नववीच्या वर्गाला आधी दाखवलं, मग सांगितलं. मुलींपेक्षा मुलगे जास्त किंचाळले, नोंद असावी.

संशयात्मा

@किडेमकोडे, हे मात्र भारी. आणि यात सणाचा कुठलाही नियम ताणलेला नाही, तिरपागडे. काळेपणा सगळा सामानात आहे. आता बोला.

तिरपागडा

बोलतो. ते जमलंय, आणि माझ्या नियमात बसत नाही. एक अपवाद तुमच्या खात्यावर. पण स्टारेविचला आपण काही काळं करतोय असं वाटत होतं का? तो तर मनापासून किड्यांचा नाताळ करत होता. आजच्या कुणी मुद्दाम मेलेले किडे घेऊन केलं तर मला ते कुऱ्हाडीसारखंच वाटेल.

आईची_आघाडी

चर्चा छान चालली आहे, पण मला व्यावहारिक मदत हवी आहे. मुलगी सात वर्षांची. सुट्टी लागली आहे. तिला गोडमिट्ट आवडत नाही ("यात काहीच होत नाही, आई"). पण रात्री घाबरून माझ्या अंगावर पाय टाकून झोपते. काय दाखवू?

फ्रेमवाला

वॉलेस अँड ग्रॉमिटचं 'अ मॅटर ऑफ लोफ अँड डेथ'. निक पार्कचं, मातीच्या बाहुल्यांचं. अर्ध्या तासाचं आहे, पण तुकडे करून दाखवता येईल. शहरात पाववाल्यांचे खून पडतायत, बारा झाले. वॉलेसही पाववाला. आणि इंग्रजांकडे पाववाल्याचं डझन तेराचं असतं! खून करणारी बाई एकेकाळी हलक्या पावाच्या जाहिरातीतली बारीक मॉडेल होती, पाव खाऊन खाऊन सुटली, तो राग. शेवटी ती प्राणिसंग्रहालयातल्या मगरींत पडते, पण काही दिसत नाही.

हे बीबीसीने २००८ साली ऐन नाताळाच्या दिवशी दाखवलं. जेवणं आटोपून सगळं घर टीव्हीसमोर, आणि पडद्यावर साखळी खून. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त पाहिला गेलेला कार्यक्रम तोच.

संशयात्मा

कथेत नाताळ आहे का पण?

फ्रेमवाला

नाही. दाखवला नाताळात, म्हणून घुसवलं. तक्रार असेल तर धागाकर्त्याकडे.

आईची_आघाडी

दाखवलं. ग्रॉमिटची काळजी वाटून दोनदा थांबवायला लावलं, मगरींना टाळ्या वाजवल्या. रात्री स्वतःच्या बिछान्यात झोपली. उद्या टॉम टर्क. रताळी आणून ठेवली आहेत.

फोंड्याचो

गोव्यातून. वारुणीताईंनी म्हातारा काढला म्हणून लिहितो. आमच्याकडे नरकासुर आहे की! चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर पोरं बांबू, कागद, गवत घेऊन त्याला उभा करतात. पंधरा दिवस खपतात. डोळे फिरणारे, जीभ हलणारी, एकेकाचं पोट एवढं की रस्ता अडतो. रात्रभर स्पर्धा, डीजे, रोख बक्षिसं. पहाटे कृष्ण येतो आणि जाळपोळ. मग घरी येऊन तेल-उटणं, तुळशीपाशी डाव्या पायाने कारीट फोडायचं, आणि बसून पाच प्रकारचे फोव (पोहे) खायचे.

तिरपागड्यांच्या नियमाने बघा. ज्याचा नरकासुर सगळ्यात चांगला त्याला पहिलं बक्षीस. आणि जाळायचा तर तोही, त्याच पहाटे. आता हे नरकासुराच्या बाजूने सांगा. रात्री दहाला त्याला जाग येते. आजूबाजूला दुसरे नरकासुर. त्याला कळतं की स्पर्धा आहे. त्याला जिंकायचं असतं. छाती पुढे काढतो, डोळे फिरवतो. त्याला वाटतं हरणाऱ्यांना जाळतात.

काळी_मांजर

अरे देवा. आणि तो जिंकतो.

नागपुरी_संत्रं

हे तर आमच्या मारबतीलाही लागू आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत (बाईचा मोठा पुतळा) निघते, गावाची सगळी इडापिडा घेऊन जा म्हणतात. सोबत बडगे (पुरुषांचे पुतळे), त्यावर त्या वर्षीच्या नेत्यांची, महागाईची टिंगल. शेवटी जाळतात. पण बडग्याला जिंकायची हाव नाही, म्हणून फ्रेमवाल्यांच्या हिशेबाने नरकासुर बरा.

फ्रेमवाला

फोंड्याचो, हे मी खरंच करू का? तीन मिनिटं, संवाद शून्य. नरकासुराला बोलायला लावलं की मेलं. फक्त डोळे, कारण डोळे फिरवायची मोटर त्याला पोरांनीच बसवलेली असते. निकाल जाहीर होतो, गळ्यात हार पडतो, तो बाजूच्या हरलेल्याकडे कीव केल्यासारखं बघतो. मग लहान कृष्ण समोर येतो, झोपेने डुलणारा, आईने मोरपीस खोचलेला. इथे चोवीस फ्रेम थांबा. नरकासुर अजून हसतोय. कापा.

वसईची_वारुणी

आगीपर्यंत नेऊ नका, हे बरोबर. पण शेवटी कारीट फुटल्याचा आवाज हवा. नुसता आवाज, काळ्या पडद्यावर. आणि लगेच कुणीतरी फोव वाढतंय.

संशयात्मा

पहिल्यांदाच या धाग्यावर माझी काही हरकत नाही. फक्त हार घालणारा माणूस घाईत असावा, त्याला पुढच्या वाड्यावर जायचंय.

फोंड्याचो

घाईत कसला! परीक्षक रात्री अकराचे सांगून पहाटे तीनला येतात. तोवर नरकासुर उभाच, आणि पोरं त्याच्या पायाशी झोपलेली. तो भाग वाढवा, सगळ्यात जास्त हशा तिथेच येईल. बजेट मात्र विचारू नका, गेल्या वर्षीचं जनरेटरचं भाडं अजून द्यायचंय.